पाच वर्षांची पोर, पावणेदोन मैल आणि बस नाही

आधी पत्र. थोडं कापलंय, गावाचं नाव काढलंय, बाकी तिचेच शब्द.

"ताई, आम्ही एप्रिलमधे हिंजवडीहून न्यू जर्सीला आलो. सप्टेंबरपासून मुलगी किंडरगार्टनला जाणार, नुकती पाच वर्षांची झालीय. शाळेने कळवलं की तुम्हाला बस नाही, तुम्ही वॉकर आहात. गूगलवर शाळा १.७ मैल दाखवते. नवरा आठवड्यातले चार दिवस मेट्रोपार्कला गाडी लावून ट्रेनने न्यूयॉर्कला जातो, गाडी एकच, मला इथलं लायसन्स नाही, आणि कडेवर आठ महिन्यांचा मुलगा. वाटेत एक मोठा रस्ता क्रॉस करायचा, तिथे पुढे बराच वेळ फुटपाथच नाही. समोरच्याच बिल्डिंगमधल्या मुलाला मात्र बस येते! मी ऑफिसला मोठा मेल केला, मुलगी लहान आहे, आम्ही नवीन आहोत, सगळं लिहिलं, तर दोन ओळींचं उत्तर, नॉट एलिजिबल. ग्रुपवर प्रत्येकजण वेगळं सांगतं, एकीने तर चुलत दिराचा पत्ता द्या म्हणून सांगितलं. काय करू?"

अगं, तुला तूच म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. पत्राची वेळ बघितली, रात्रीचे पावणेबारा, म्हणजे दोन्ही पोरं झोपल्यावर लिहिलंयस. आणि हे असं पत्र मला दर जुलै-ऑगस्टला एक तरी येतं, त्यामुळे तू काही वेगळी किंवा बावळट नाहीस, हे आधी डोक्यातून काढ.

तुझी चूक एकच झालीय आणि ती मीही केली होती. तू ऑफिसला मुलीबद्दल लिहिलंस. ती लहान आहे, घाबरते, भाषा नवीन आहे, बाळ आहे, नवरा लांब जातो. सगळं खरं आहे, पण यातल्या एकाही गोष्टीचा रकाना त्या ऑफिसातल्या बाईच्या स्क्रीनवर नाहीये. तिथला नियम मुलाकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो. तेव्हा यापुढे मुलीबद्दल एक शब्द लिहायचा नाही, रस्त्याबद्दल लिहायचं.

नियम काय आहे तो सांगते, म्हणजे ग्रुपवरचं निम्मं ज्ञान आपोआप गळून पडेल. न्यू जर्सीत राज्याच्या कायद्यात अंतर लिहिलेलं आहे. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांपेक्षा जास्त लांब असेल तर डिस्ट्रिक्टला (म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बस द्यावीच लागते, नववी ते बारावीला तोच आकडा २.५ मैल. दोन मैल म्हणजे आपले सव्वातीन किलोमीटर धर. किंडरगार्टनच्या पोरीला आणि आठवीतल्या मिशी फुटलेल्या मुलाला एकच माप! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं की हा कायदा ज्याने केला त्याने पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून एकदा तरी तीन किलोमीटर चालून बघितलंय का. इंग्लंडमधे निदान वयाचा विचार केलाय, ८ वर्षांखालच्या मुलांना २ मैल आणि त्यापुढे ३ मैल. आणि नदीपलीकडे न्यूयॉर्क सिटीत तर किंडरगार्टन ते दुसरीच्या मुलांना अर्ध्या मैलापासून जाण्यायेण्याची सोय लागू होते, म्हणून तुझ्या ग्रुपमधली क्वीन्सवाली जेव्हा सांगते "आमच्याकडे तर एवढ्याशा अंतराला बस देतात" तेव्हा ती खोटं बोलत नसते, फक्त तिचं राज्य वेगळं आहे. अमेरिकेत शाळेच्या बाबतीत "अमेरिकेत असं असतं" हे वाक्यच कामाचं नाही. पुण्यात तर गणितच उलटं, तिथे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बस नाही मोजत, शाळाच पहिली ते पाचवीला १ किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय, आणि तरी आपण सगळे पैसे मोजून पोरांना दहा किलोमीटरवरच्या शाळेत व्हॅनवाल्या काकांबरोबर पाठवतो, ते जाऊ दे.

आता मोजतात कसं. तू गूगलवर बघितलंस ते बहुतेक गाडीचं अंतर असणार, डायरेक्शन्स उघडलं की तेच पहिलं येतं. नियमात आहे सगळ्यात जवळची वाट, सार्वजनिक रस्त्याने किंवा सार्वजनिक पायवाटेने, तुझ्या घराच्या रस्त्याजवळच्या दारापासून ते शाळेच्या सगळ्यात जवळच्या सार्वजनिक प्रवेशापर्यंत. शाळेचा बोर्ड लावलेला मोठा दरवाजा नव्हे हां, जवळचा प्रवेश. मागच्या बाजूला पार्कातून जाणारी पायवाट असेल आणि ती सगळ्यांना खुली असेल तर ती धरतात, आणि मग तुझं १.७ आहे ते १.५ पण होऊ शकतं. अपार्टमेंट कॉम्प्लेक्सवाल्यांचा अजून एक घोळ असतो, आतला रस्ता कॉम्प्लेक्सचा खासगी असतो, गेटपासून शेवटच्या बिल्डिंगपर्यंत पाच-सात मिनिटं चालावं लागतं, तर ते अंतर कुठून धरलंय हे विचारायला हरकत नाही.

पण खरं सांगू का, तुझ्या बाबतीत यात वेळ घालवू नकोस. १.९७ असतं तर मी तुला म्हटलं असतं भांड, मोजणीचा कागद माग, परत मोजायला लाव. १.७ ताणून ताणून २ होत नाही.

आमचं १.९४ निघालं होतं. मुलगा तेव्हा पहिलीत. आम्ही दोघं रात्री साडेनऊला पोराला मागच्या सीटवर झोपवून गाडी काढली, नवरा चालवतोय आणि मी मीटरकडे डोळे लावून बसलेय, कोपऱ्यावर वळताना त्याला सांगतेय की अरे बाहेरच्या लेनने घे, तेवढंच दोन फूट वाढेल. दोन इंजिनीयर माणसं! गाडीच्या मीटरवर बरोब्बर २.० आलं म्हणून आम्ही घरी येऊन चहा केला. डिस्ट्रिक्टच्या सॉफ्टवेअरने चालत जायच्या वाटेने १.९४ दाखवलं आणि विषय संपला, शंभर मीटरसुद्धा नाही, तेवढ्यासाठी बस गेली. तेव्हा मी जो मेल लिहिला तो आज वाचवत नाही, त्यात मी मुलाचं अॅलर्जीचं औषध, माझी शिफ्ट, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं घातलं होतं. उत्तर तुझ्यासारखंच, दोन ओळी.

तर अंतराचा दरवाजा तुझ्यासाठी बंद आहे असं समज. आता दुसरे दोन आहेत, आणि तुझं पत्र वाचताना मी ज्या वाक्यावर थांबले ते हे की "पुढे बराच वेळ फुटपाथच नाही". हे तू मेलमधे लिहिलं होतंस का? मला वाटतं नाही लिहिलंस, किंवा चौथ्या परिच्छेदात बाळाच्या शेजारी कुठेतरी लिहिलं असशील.

दोन मैलांच्या आतल्या मुलांना डिस्ट्रिक्ट स्वतःहून बस देऊ शकतं, सक्ती नाही. त्याला इथे कर्टसी बसिंग म्हणतात. नाव गोड आहे पण पैसे डिस्ट्रिक्टच्या खिशातून जातात, राज्य त्याचे पैसे देत नाही, म्हणून सगळे हात आखडता घेतात आणि बजेट कमी पडलं की पहिली कुऱ्हाड यावरच. पण जे डिस्ट्रिक्ट अशी बस देतं त्याला कायद्याने एक गोष्ट करावी लागते, धोकादायक रस्त्यांबद्दलचं धोरण लिहून ठेवावं लागतं, आणि त्यात अशा रस्त्यांची यादी आणि ते कोणत्या निकषावर ठरवले हे दोन्ही असायला लागतं. निकष काय काय असू शकतात तेही कायद्यात सुचवलंय, ट्रॅफिक किती, गाड्यांचा वेग किती, फुटपाथला पुरेशी जागा आहे की नाही, आंधळी वळणं, तीव्र चढउतार, कडेला खोल उतरण, शाळेत जाताना ओलांडावे लागणारे वर्दळीचे रस्ते, पूल, रेल्वेचे रूळ. वाचताना तुझाच रस्ता डोळ्यासमोर आला ना?

तो कागद माग. हॅझर्डस रूट पॉलिसी म्हणून विचार, बऱ्याचदा डिस्ट्रिक्टच्या साइटवर पॉलिसींच्या ढिगात ट्रान्सपोर्टेशनखाली असतो. यादीत तुझा रस्ता असेल आणि तरी तुला नाही म्हटलं असेल तर कुणाचीतरी चूक झालीय आणि ती एका फोनवर सुटते. यादीत नसेल तर निकष वाच, तुझा रस्ता त्यात बसतो का बघ, आणि मग लिही.

आणि लिहायच्या आधी तो रस्ता एकदा स्वतः चाल. शनिवारी नवरा घरी असताना, तो बाळाला सांभाळेल, तू आणि मुलगी. शक्य झालं तर शाळेच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास, पण आता सुट्टी आहे तर निदान एखाद्या कामाच्या दिवशी सकाळीही एकदा जाऊन ये, कारण रविवारचा रिकामा रस्ता बघून काहीच कळत नाही. फुटपाथ कुठे संपतो तिथे फोटो काढ, फोटोत घर नंबर किंवा क्रॉस स्ट्रीटची पाटी येऊ दे. परत कुठे सुरू होतो तिथे दुसरा. मधल्या भागात तुम्ही चालता कशावरून, गवतावरून, लोकांच्या लॉनवरून, की पांढऱ्या रेषेच्या आत रस्त्यावरून? वेगाच्या मर्यादेची पाटी किती म्हणते? मोठ्या रस्त्यावर सिग्नल आहे की नुसती झेब्रा? सिग्नल असेल तर पायी जाणाऱ्याला किती सेकंद मिळतात ते मोबाइलवर मोज, मुलीच्या पावलांनी पार होतो का बघ. माझ्या मैत्रिणीने हे मोजलं होतं, त्यांच्या कोपऱ्यावर पोरीबरोबर मधल्या दुभाजकावरच लाल व्हायचा. आणि बर्फाचं एक लक्षात ठेव, तू अजून इथला हिवाळा बघितला नाहीस, नांगराची गाडी रस्ता साफ करते तेव्हा तो सगळा बर्फ कडेला ढकलते, आणि फुटपाथ नाही तिथे ती कडा म्हणजेच तुमची चालायची जागा असते.

मग मेल. छोटा. इंग्रजीत लिहायचाय पण मजकूर साधारण असा असू दे: आमचा पत्ता हा, शाळा ही, इयत्ता किंडरगार्टन. अंतर दोन मैलांच्या आत आहे हे आम्हाला मान्य आहे. अमुक रस्त्यावर अमुक कोपऱ्यापासून अमुक कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना फुटपाथ नाही, वेगमर्यादा इतकी आहे, फोटो जोडले आहेत. हा भाग तुमच्या धोकादायक मार्गांच्या यादीत आहे का, नसेल तर त्याचा विचार व्हावा ही विनंती, आणि तुमचं यासंबंधीचं धोरण आम्हाला पाठवावं. बस, एवढंच. "अंतर मान्य आहे" हे वाक्य मुद्दाम घाल, कारण ऑफिसातली बाई मेल उघडते तीच "अंतराचं रडगाणं" अशा तयारीने, तिला पहिल्याच ओळीत कळू दे की हे ते नाहीये. मुलीचं नाव लागेल तेवढं, बाकी ती किती गोड आहे वगैरे राहू दे.

मेल ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला, शाळेच्या सेक्रेटरीला नाही. शाळेच्या सेक्रेटरीबाई खूप मदत करतात पण बसचं त्यांच्या हातात नसतं, त्या फक्त निरोप पोचवतात. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर फोन कर, आणि फोन दुपारी कर, सकाळी सात ते नऊ आणि पोरं सुटायच्या वेळी त्या ऑफिसात कुणाचीतरी बस चुकलेली असते किंवा कुणाचं पोर दुसऱ्याच स्टॉपवर उतरलेलं असतं, त्या वेळी तू सोन्याचा मुकुट घालून गेलीस तरी तुझ्याकडे कुणी बघणार नाही.

दुसरा दरवाजा पैशाचा. बऱ्याच डिस्ट्रिक्टमधे सब्स्क्रिप्शन बसिंग असतं, म्हणजे दोन मैलांच्या आतल्या मुलाला बसमधे रिकामी सीट असेल तर आईवडील वर्षाची फी भरून घेऊ शकतात. तुमच्याकडे आहे का ते विचार. बहुतेक ठिकाणी अर्ज वसंतातच घेऊन टाकतात त्यामुळे या वर्षी वेटिंग लिस्टच मिळेल, पण वेटिंग लिस्टवर नाव टाकच, कारण सप्टेंबरमधे लोक घरं बदलतात, कुणी गाडी घेतं, कुणी खासगी शाळेत जातं, आणि ऑक्टोबरपर्यंत सीटा सुटतात. फी एकदम भरावी लागते की हप्त्याने, आणि अर्ध्या वर्षात सोडलं तर परत मिळते का, तेही विचारून घे.

समोरच्या बिल्डिंगचं काय? मला माहीत आहे तुला तेच जास्त टोचतंय. अगं, कारणं दहा असू शकतात. तो मुलगा दुसऱ्या शाळेत असेल, इथे एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन शाळांना वाटलेल्या असतात. पैसे भरून सीट घेतली असेल. किंवा त्याचा आयईपी असेल, म्हणजे ज्या मुलांना शिकताना किंवा वावरताना वेगळ्या मदतीची गरज असते त्यांच्या आराखड्यात बस लिहिलेली असेल तर तिथे अंतराचा प्रश्नच येत नाही. म्हणून "तुमच्या मुलाला बस कशी मिळाली" हे लिफ्टमधे विचारू नकोस. आणि मेलमधे तर मुळीच लिहू नकोस की त्यांना आहे मग मला का नाही, दुसऱ्या मुलाबद्दल ऑफिस तुला काहीही सांगू शकत नाही आणि तुझा मेल तिथेच तक्रारीच्या ढिगात जातो. (हां, तुझ्या स्वतःच्या मुलीला अशी काही गरज असेल तर ते वेगळं, मग ट्रान्सपोर्टेशनशी बोलायचंच नाही, शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमला लेखी विनंती करायची.)

चुलत दिराच्या पत्त्याचं मात्र मी तुला स्पष्ट सांगते, नको. आपल्याकडे शाळेच्या अॅडमिशनला मामाचं रेशनकार्ड लावायची सवय आहे, कळतं मला, पण इथे डिस्ट्रिक्ट पत्ता तपासतं, काही ठिकाणी माणूस पाठवून तपासतं, आणि त्या भागात राहत नसताना मूल शिकवलं असं ठरलं तर तेवढ्या दिवसांची ट्यूशन फी वसूल करू शकतं. तो आकडा एका बसपेक्षा खूप मोठा असतो. शिवाय एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर असताना खोट्या कागदावर सही कशाला करायची.

आता धर की सगळीकडून नाहीच आलं. पहिला महिना तरी तसं धरूनच चाल, कारण रूट जुलै-ऑगस्टमधे बसवतात आणि शाळा उघडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्यांच्याकडे नुसता गोंधळ असतो.

चालत जायचं म्हटलं तर हिशोब कर, सकाळी जाऊन यायचं आणि दुपारी परत जाऊन यायचं, १.७ चार वेळा म्हणजे ६.८ मैल, जवळजवळ अकरा किलोमीटर, स्ट्रोलर ढकलत. रोज. कुणी तुला म्हणालं ना की व्यायाम होईल, तर त्याला म्हणावं तू ये. आणि तुमच्याकडे किंडरगार्टन फुल डे आहे की हाफ डे हे आधी विचार, हाफ डे असेल तर तू घरी पोचून बाळाला दूध देतेस तोवर परत निघायची वेळ.

म्हणून माझा जोर कारपूलवर आहे. त्या कॉम्प्लेक्समधे त्याच शाळेत जाणारं दुसरं घर नाही असं होऊच शकत नाही, अर्धी बिल्डिंग आपलीच असेल, मराठी नाही तर तेलुगू, गुजराती. शाळा उघडायच्या आधी किंडरगार्टन ओरिएंटेशन असतं, तिथे जाऊन कोपऱ्यात उभी राहू नकोस, चार बायकांना विचार कुठे राहता. गाडी नाही तर मी काय देणार असं वाटेल तुला. पेट्रोलचे पैसे दे, दुपारी त्यांचं पोर दोन तास तुझ्याकडे ठेव, नोकरी करणाऱ्या आईला हे दुसरं पेट्रोलपेक्षा जास्त हवं असतं. फक्त बूस्टर (गाडीत लहान मुलाला उंच बसवायची सीट) तुझा तू दे. न्यू जर्सीत ८ वर्षांखालच्या आणि ५७ इंचांपेक्षा बुटक्या मुलाला मागच्या सीटवर कार सीट नाहीतर बूस्टर लागतोच, "एवढंसं तर जायचंय" हे पोलिसाला चालत नाही आणि मलाही नाही चालत.

आणि लायसन्स. तू पत्रात ते एका शब्दात उरकलंस, "लायसन्स नाही", जसं काही ते तुझ्या रक्तगटासारखं आहे. एच-४ वर मिळतं. ओळखीच्या प्रत्येक कागदाला पॉइंट्स असतात, सहा पॉइंट्स भरतील एवढे कागद जमव, मोटर व्हेइकल कमिशनची, म्हणजे इथल्या आरटीओची, अपॉइंटमेंट घे, लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ४० बरोबर लागतात, पुस्तक आठवडाभर वाचलंस तर होतं, डोळे तपासतात आणि मग रोड टेस्ट. गाडी मेट्रोपार्कला चार दिवस उभी असते ना, मग नवऱ्याला सकाळी तू स्टेशनवर सोड, मुलीला शाळेत सोड आणि गाडी घेऊन घरी ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत हे झालं तर बसचा अर्धा प्रश्न संपतो, आणि डॉक्टरकडे जायचं, ओक ट्री रोडला भाजी आणायची, लायब्ररी, हे सगळं वेगळंच. नवरा म्हणेल शनिवारी शिकवतो. नवऱ्याकडून शिकू नकोस, एवढंच ऐक, पैसे भरून क्लास लाव.

त्या मोठ्या रस्त्याचं अजून एक. क्रॉसिंग गार्ड हवा असेल तर शाळेकडे मागून उपयोग नाही, तो टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) पोलिसांच्या हाताखाली असतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी सहा आठवडे प्रिन्सिपलच्या मागे होते. शेवटी पोलिस स्टेशनच्या ट्रॅफिकवाल्यांना तेच फोटो पाठवले, खाली कॉम्प्लेक्समधल्या नऊ घरांच्या सह्या, आणि त्या हिवाळ्याच्या सुट्टीनंतर आमच्या कोपऱ्यावर फ्लूरोसंट जॅकेट घातलेले एक पांढऱ्या मिशीचे आजोबा हातात स्टॉपची पाटी घेऊन उभे राहायला लागले. बस शेवटपर्यंत मिळाली नाही हं मला. आजोबा मिळाले. माझा मुलगा त्यांना गुड मॉर्निंगच्या ऐवजी "नमस्कार" म्हणायचा आणि ते पाटी कपाळाला लावून सलाम करायचे.

सह्यांवरून आठवलं, फोटो आणि निकष घेऊन बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या मीटिंगलाही जाता येतं, लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो तिथे. एकटी जाऊ नकोस, चार-पाच घरं मिळून जा. यादीत रस्ता घालायचा तर डिस्ट्रिक्टला टाउनशिपच्या लोकांशी बोलून निकष ठरवावे लागतात, त्याला वेळ लागतो, या वर्षी नाही झालं तरी पुढच्या वर्षीच्या रूटला होऊ शकतं. आणि तुझ्या मुलाला पुढे हाच रस्ता आहे.

बस मिळालीच, तर दोन गोष्टी तुला माहीत हव्यात कारण तू पुण्याची बस डोक्यात धरून आहेस. इथे बस दारात येत नाही, स्टॉपवर येते, आणि स्टॉपपर्यंतची जबाबदारी तुझी. आणि बसमधे मावशी नसतात. आपल्याकडे हात धरून उतरवणारी बाई असते, इथल्या साध्या बसमधे एकटा ड्रायव्हर, आणि तो रस्त्याकडे बघणार. तेव्हा पट्टा लावायला आणि काढायला तिला घरीच शिकव, न्यू जर्सीच्या स्कूल बसमधे पट्टे असतात आणि लावायचेच असतात. जुनी कार सीट असेल तर त्यावर बसवून दहा वेळा काढघाल करून घे, किंडरगार्टनच्या मुलांना लाल बटण दाबायला अंगठ्याचा जोर पुरत नाही, दोन्ही अंगठे लावायला सांग. बसच्या मागून कधी जायचं नाही, पुढून जायचं तर पाच मोठी पावलं लांबून, ड्रायव्हरचा चेहरा दिसेल इतक्या लांबून. लाल दिवे लागले की गाड्यांनी २५ फुटांवर थांबायचं असतं, पण सगळे थांबतात असं धरून तिला सोडू नकोस. दुपारी किंडरगार्टनच्या मुलाला मोठं माणूस स्टॉपवर दिसल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी उतरवतच नाहीत, परत शाळेत नेतात, त्यामुळे घ्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं आधी देऊन ठेव, शेजारणीचं पण.

शनिवारी चालून आलीस की फोटो मलाही पाठव, मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला दाखव, मी त्यातलं बाळ काढून टाकते.